मास्तरांचं न शिवलेलं पांघरूण

मास्तरांनी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले आणि त्या चाळीस वर्षांत आपल्या चुकीला एकदा तरी चूक म्हटलं असेल तर शपथ. शर्ट पोटावर घट्ट बसला तर गिऱ्हाइकाचं पोट सुटलंय. पँट आखूड वाटली तर चपलेची टाच उंच आहे. एका गृहस्थांना एक बाही लांब वाटली, तेव्हा मास्तरांनी त्यांना आरशासमोर उभं करून त्यांचा एक खांदाच उतरता आहे हे इतकं पटवून दिलं, की ते बिचारे तिथून थेट डॉक्टरकडे गेले.

दुकान होतं दीड माणसाचं. एक माणूस मशीनवर आणि अर्धा माणूस उभा राहून मापं द्यायला. शेजारी तेवढंच दुसरं दुकान होतं, इस्त्रीचं. त्या इस्त्रीवाल्याला सगळा बाजार ‘कडक’ म्हणायचा, कारण त्याने घडी घातलेला सदरा टेबलावर उभा राहायचा. नाव कडक, पण माणूस इतका मऊ, की गिऱ्हाइकाने चार शिव्या दिल्या तरी हा त्याला बसायला स्टूल द्यायचा. मास्तरांचं कुणाशीच पटायचं नाही आणि कडकचं सगळ्यांशी पटायचं, म्हणून दोघांचं चांगलं जमलं.

दोन्ही दुकानांच्या मधल्या भिंतीत त्यांनी एक छोटी खिडकी पाडून घेतली होती. मास्तरांच्या मशीनवरून उतरलेला कपडा सरळ गिऱ्हाइकाच्या हातात कधी जायचा नाही. तो खिडकीतून पलीकडे जायचा. कडक तो टेबलावर पसरायचा, अंगठ्याने शिवण न् शिवण चाचपायचा, मग उलटा करून आतून आणि सुलटा करून वरून इस्त्री फिरवायचा आणि घडी घालून परत खिडकीत ठेवायचा. हे करताना दोघं अखंड भांडायचे. भांडायला विषय लागायचा नाही. पंखा कुणाकडे जास्त वारा देतो, यावर त्यांनी एक अख्खा उन्हाळा काढला होता.

“माझा कपडा परत येत नाही,” असं मास्तर ज्याला त्याला ऐकवायचे, आणि ते खरंही होतं.

मग कडकच्या किडन्यांनी संप केला. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस लागलं, म्हणजे हॉस्पिटलात जायचं, हाताला सुया लावून घ्यायच्या आणि अंगातलं रक्त मशीनमधून धुऊन निघेपर्यंत चार तास खुर्चीत पडून राहायचं. दुकान बंद करून तो आणि त्याची बायको, म्हणजे मास्तरांच्या वहिनी, शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुलीच्या घराजवळ राहायला गेले. खिडकीच्या पलीकडे कुलूप लागलं. मास्तर नवे कपडे स्वतःच कशीबशी इस्त्री फिरवून देऊ लागले.

आणि कपडे परत यायला लागले. पहिल्यांदा एक कॉलर आली, डावं टोक वर उचललेलं. मग एक बाही पिळवटलेली, मग एका झग्याची खालची शिवण नागमोडी. दोन महिन्यांत सात कपडे. मास्तरांनी नेहमीप्रमाणे गिऱ्हाइकांच्या खांद्यांना आणि पोटांना दोष दिला, पण सातव्या वेळी त्यांनी सुई ओवायला घेतली आणि दोरा सुईच्या आजूबाजूला सगळीकडे जाऊन आला, फक्त नेढ्यात गेला नाही. उजवा हात थरथरत होता. तसा तो आधीही अधूनमधून थरथरायचा, पण त्याचं खापर ते चहावर फोडायचे. त्या संध्याकाळी ते घरी आले आणि बायकोला म्हणाले, “हात गेला.” दुसऱ्या दिवशी दुकान बंद झालं.

बाजारात त्यांनी सांगितलं, की आता आराम करणार. कडकला मात्र तेवढंही सांगायची हिंमत झाली नाही. तो फोन करायचा तेव्हा मास्तर म्हणायचे, “गर्दी आहे रे, मान वर करायला सवड नाही.” हे सांगताना ते घरातल्या खुर्चीत, खिडकीतून समोरची भिंत बघत बसलेले असायचे. आणि एकदा सवड नाही म्हटल्यावर भेटायला तरी कुठल्या तोंडाने जाणार? पाच महिने ते गेले नाहीत. बायकोने दोनदा सांगून पाहिलं, तिसऱ्यांदा हात टेकले.

अशात एका सोमवारी दुपारी वहिनींचा फोन आला.

वहिनींनी आधी मास्तरांच्या तब्येतीची चौकशी केली, मग दुकानातल्या गर्दीची, आणि मग त्यांचा आवाजच बसला. कडकने डायलिसिसला दोनदा दांडी मारली होती. त्या दिवशी तर अर्ध्यावर मशीन बंद करायला लावून तो उठून आला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की असं चालू राहिलं तर जिवावर बेतेल. कारण काय, तर थंडी. त्या खोलीत एसी, त्यात रक्त बाहेर फिरून गार होऊन अंगात येतं, आणि आयुष्यभर इस्त्रीच्या आचेत उभा राहिलेला माणूस तिथे कुडकुडायचा. बाजारातली ब्लँकेटं नेऊन पाहिली होती. जाड होतं ते छातीवर ओझं व्हायचं, हलकं होतं ते पायांवरून घसरायचं. एक हात मशीनला अडकलेला, वाकता येत नाही, आणि पाय उघडे पडले म्हणून दर दहा मिनिटांनी सिस्टरला हाक मारायची त्याला लाज वाटायची.

“भावोजी, तुम्ही काहीतरी शिवून द्या ना,” वहिनी म्हणाल्या. “दुसऱ्या कुणाचं ते फेकून देतात. तुमच्या हातचं असलं तर निदान भांडायला म्हणून तरी अंगावर घेतील. परवा बुधवारी सकाळी आठला पुन्हा न्यायचंय. ते नाहीच म्हणताहेत.”

मास्तर “देतो” म्हणाले आणि फोन ठेवला. मग त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. हात गुडघ्यावर पडल्या पडल्या थरथरत होता.

मास्तरांची बायको पाळणाघरात काम करते. दिवसभर वीस पोरांना झोपवून, उठवून, भरवून, त्यांची भांडणं मिटवून ती घरी येते, आणि एकविसावं तिथे खुर्चीत बसलेलं असतं. तिने सगळं ऐकून घेतलं, पर्स ठेवली, पाणी प्यायली आणि म्हणाली, की यात रडण्यासारखं काहीच नाही. पाळणाघरात पोरांच्या दुपारच्या झोपेसाठी त्या सगळ्या जणी ब्लँकेटं करतात, ती न शिवताच करतात. फ्लीसचे, म्हणजे त्या लोकरीसारख्या मऊ कापडाचे, दोन तुकडे घ्यायचे. कडेने झालर कापायची. वरची पट्टी आणि खालची पट्टी यांची गाठ मारायची. झालं.

“न शिवता?” मास्तरांनी विचारलं, ते अशा सुरात, की जणू कुणी त्यांना न शिजवता जेवायला सांगितलं.

“न शिवता.”

“धागे सुटतील.”

“फ्लीसचे सुटत नाहीत. बनियनसारखं विणलेलं असतं, वर फुगवलेलं. कापा कसंही.”

मास्तरांनी नाक मुरडलं. ज्या कापडाचे धागे सुटत नाहीत त्या कापडाला ते कापड मानायलाच तयार नव्हते. पण बुधवार दूर नव्हता. मंगळवारी सकाळी दोघं जाऊन दोन तुकडे घेऊन आले, प्रत्येकी माणसाच्या उंचीएवढा. एक गडद निळा, आणि एक लाल-करड्या चौकडीचा. चौकडी एका बाजूने ठसठशीत होती आणि मागच्या बाजूने धुवट. कापड मात्र खरंच मऊ होतं, आणि वजन नाहीच म्हणा ना. मास्तरांनी ते गालाला लावून पाहिलं आणि बायको बघते आहे असं दिसताच घाईने खाली ठेवलं.

पाळणाघराला निघता निघता ती सांगायला लागली, “आता हे दोन तुकडे एकमेकांवर ठेवताना...”

“कापड कसं ठेवायचं ते मला शिकवतेस?” मास्तर म्हणाले.

बायको दारातच थांबली. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि एक अक्षर न बोलता निघून गेली. पुढे जे झालं त्याला, तिच्या मते, तीच एक जबाबदार होती. तिने सांगायला हवं होतं.

मास्तरांनी जेवणाचं टेबल मोकळं केलं, पुसून कोरडं केलं आणि कापडं अंथरली. काठ कापून टाकले. चारही कोपऱ्यांतून चार-चार इंचांचे चौकोन उडवले. मग त्यांनी आपली जुनी मोठी कात्री काढली, आणि इथे एक गंमत झाली. कात्रीचं खालचं पातं टेबलावर टेकलं आणि हात गप्प झाला. रिकामा असला की थरथरणारा, सुईसारखं बिनवजनाचं काही धरलं की पिसाळणारा हात, ती अर्धा किलोची कात्री धरून निमूट चालू लागला. दोन-दोन बोटं रुंद, चार इंच खोल, पट्टीमागून पट्टी. पाच महिन्यांनी कात्रीचा तो करकर आवाज घरात ऐकू आला. मास्तर शीळ घालू लागले.

मग गाठी. वरची पट्टी, खालची पट्टी, एक वेढा, दुसरा वेढा, ओढ. गाठ मारताना बोटं थरथरली तरी चालतं, ओढताना ती आपोआप सरळ होतात. दीडशेच्या वर गाठी होत्या. दुपारचा चहा गार झाला. पायाच्या बाजूची मधली दोन वीत जागा मास्तरांनी तशीच ठेवली, तिथे पट्ट्याही कापल्या नाहीत. का ठेवली? कारण चाळीस वर्षं ते ठेवत आले होते. कुठलीही दुहेरी वस्तू शिवायची, मग ती उशीची खोळ असो की रजई, तर कापडाच्या सुलट्या बाजू एकमेकींना भिडवायच्या, कडेने शिवायचं, तोंड थोडं उघडं ठेवायचं, त्यातून हात घालून सगळं उलटून बाहेर काढायचं. सुलटी बाजू बाहेर येते, शिवण आत लपते. शिंप्याचा हात हे झोपेतसुद्धा करेल.

बायको पाळणाघरातून आली तेव्हा मास्तर टेबलाजवळ उभे होते, एक हात कोपरापर्यंत पांघरुणाच्या पोटात. आतला कोपरा धरून ते जोरजोरात ओढत होते, आणि दिवसभर मारलेल्या गाठी एकामागून एक आत गडप होत होत्या.

“अहो, हे काय चाललंय?”

“उलटतोय,” मास्तर म्हणाले.

“कशाला?”

मास्तर उत्तर द्यायला तोंड उघडतात तोवर त्यांचं त्यांनाच कळलं. या पांघरुणाची झालर बाहेर मिरवायची असते. त्यांनी चौकडीची सुलटी बाजू आत आणि धुवट बाजू बाहेर ठेवून, दीडशे गाठी मारून, वर उलटायला तोंडही ठेवलं होतं. न शिवलेलं पांघरूण त्यांनी पुरतं शिंप्यासारखं केलं होतं. बायको आधी भिंतीला टेकली, मग खाली बसली, मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पाळणाघरातल्या तीन वर्षांच्या पोरांनीसुद्धा हे असं केलं नव्हतं, हे तिने हसू आवरत आवरत सांगितलं. मास्तर म्हणाले, की कापडच उलटसुलट कळू न देणारं आहे.

पण करायचं काय? परत फिरवलं तर धुवट बाजू बाहेर येणार. फ्लीसची गाठ एकदा ओढून बसली की सोडवताना नखं झिजतात, आणि अशा दीडशे. शेवटी पांघरूण उलटलेलंच ठेवायचं ठरलं. चौकडी बाहेर ठसठशीत दिसत होती, कडेला आतल्या गाठींचे उंचवटे होते, आणि पायाशी दोन वीत तोंड उघडं. बायको म्हणाली, तेवढ्या जागेत पट्ट्या कापून बाहेरून गाठी मारा. “आणि पांघरुणाला दाढी लावू?” मास्तरांनी विचारलं. मग तीच चार टाके घालते म्हणाली. ते तर त्यांना मुळीच चाललं नाही. वहिनींनी माझ्या हातचं मागितलंय, ते म्हणाले, आणि कपाटातून सुई-दोरा घेऊन खिडकीजवळ बसले.

बायको स्वयंपाकघरात गेली आणि तिथून मुद्दाम बाहेर आली नाही. बऱ्याच वेळाने तिने डोकावलं तेव्हा सुई टेबलावर पडली होती, दोरा पडला होता, आणि मास्तर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. तिने पांघरुणाची घडी घातली. मग म्हणाली, “पायांसाठी मुद्दाम ठेवलंय म्हणून सांगा. घसरणार नाही.” मास्तरांनी मान हलवली.

बुधवारी आठला वहिनींनी कडकला कसंबसं आणून खुर्चीत बसवलं होतं. मास्तर येणार म्हटल्यावर तो यायला तयार झाला होता, एवढंच. मास्तर आत शिरले आणि क्षणभर ओळखूच शकले नाहीत. इस्त्री उचलून उचलून दंड कमावलेला हा माणूस सदऱ्यात हरवल्यासारखा दिसत होता. डावा हात उघडा, त्यातून दोन नळ्या निघून मशीनकडे गेलेल्या. मास्तरांना पाच महिन्यांची लाज एकदम वाटली.

“आलास?” कडक म्हणाला. “गर्दी ओसरली?”

मास्तरांनी पांघरूण त्याच्या अंगावर पसरलं. डावा हात बाहेर ठेवायचा हे सिस्टरने सांगितलं, तसा ठेवला. कडकने मोकळ्या उजव्या हाताने कड पकडली आणि अंगठा फिरवायला सुरुवात केली. मास्तरांना वाटलं, आपण पुन्हा त्या खिडकीशी उभे आहोत.

“हे उलटून घेतलंयस,” कडक म्हणाला.

“हं.”

“गाठी मारल्यास आणि वर उलटलंस. झालर सगळी आत.”

“आत जास्त ऊब राहते.”

“आणि खाली काय आहे? थंड वारा लागतोय.”

“तोंड ठेवलंय. पायांसाठी. मुद्दाम.” मास्तरांनी बायकोने शिकवलेलं घडाघडा म्हणून दाखवलं.

वहिनींनी त्याचे पाय उचलून त्या तोंडातून आत सरकवले. दोन कापडांच्या मध्ये, झालरीच्या मऊ गुंत्यात पाय जाऊन बसले. कडकने बोटं हलवून पाहिली. एकदा ताणून पाहिली. पांघरूण पायांबरोबर हललं, घसरलं नाही. तो मागे टेकला, आणि त्याचे वर चढलेले खांदे हळूहळू खाली आले. वहिनी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघू लागल्या.

“चाळीस वर्षांत,” डोळे मिटूनच कडक म्हणाला, “तुझ्या चुकीचा मला पहिल्यांदा फायदा झाला.”

मास्तर भांडायला सरसावले आणि थांबले. या माणसाशी ते पाच महिने खोटं बोलत आले होते, आणि त्यांना त्याचा कंटाळा आला होता.

“हात गेला रे माझा,” ते म्हणाले. “सुई धरवत नाही. ते तोंड मला शिवता आलं नाही म्हणून उघडं आहे. दुकान कधीच बंद केलं. तू गेलास आणि दोन महिन्यांत हात गेला. कपडे परत यायला लागले.”

कडकने डोळे उघडले. “त्या दोन महिन्यांत नाही गेला.”

“म्हणजे?”

“चार वर्षं झाली. आधी एक निळा शर्ट आला होता, कॉलरचं डावं टोक वर. मी पाणी मारलं, वाफ दिली, ओढून बसवलं. मग रोजचंच झालं. बाह्या ओढायच्या, शिवणी दाबायच्या. फारच वाकडी असली तर ही उसवून घालायची चार टाके.” त्याने वहिनींकडे हनुवटी दाखवली. वहिनी अजून खिडकीबाहेरच बघत होत्या.

माझा कपडा परत येत नाही, हे मास्तरांनी या चार वर्षांत किती जणांना ऐकवलं होतं, तेही खिडकीपलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

“मला बोलला का नाहीस?”

“बोललो असतो तर तू त्याच दिवशी कुलूप लावलं असतंस. मग मी दिवसभर भांडायचं कुणाशी?”

मास्तरांना रागवायचं होतं, तो त्यांचा हक्कच होता, पण राग येईना. या माणसावर आपलं किती प्रेम आहे हे त्यांना त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून कळलं, आणि हे सांगायचं कसं ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी डोळे पुसले आणि इथला एसी फार जोरात आहे असं सिस्टरला सुनावलं.

कडक चारही तास बसला. शेवटचा तासभर तर तो चक्क घोरत होता. उठताना त्याने पांघरुणाची घडी स्वतः, एका हाताने घातली, आणि ती अर्थातच उभी राहिली. पायरी उतरताना त्याने मास्तरांना विचारलं, की शुक्रवारी येणार ना. मास्तर म्हणाले, येतो की, आता कुठे गर्दी आहे.

शुक्रवारी शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी ते पांघरूण हात लावून पाहिलं आणि आपल्यालाही अस्संच पाहिजे म्हणाल्या, पायांना पिशवी असलेलं. तेव्हा त्यापुढच्या सोमवारी मास्तर येताना घरी झालर कापलेली दोन कापडं घेऊन आले, एक हिरवं, एक फुलाफुलांचं. या वेळी सुलट्या बाजू त्यांनी जाणूनबुजून आत घेतल्या होत्या. कडकच्या खुर्चीजवळ स्टूल ओढून ते गाठी मारत बसले, आणि मारून झालेली कड कडकच्या मोकळ्या हाताखाली सरकवत राहिले. कडकचे पाय चौकडीच्या आत होते. अंगठा गाठीगाठीवरून फिरत होता. खोलीत पंखा हवा की एसी, यावर दोघांचं नुकतंच वाजलं होतं.

अंगठा एका जागी थांबला.

“ही वाकडी आहे,” कडक म्हणाला.

मास्तरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि गाठीकडे पाहिलं. गाठ बऱ्यापैकी सरळ होती. कुणीही सरळच म्हटली असती.

“हो, चुकलीच,” मास्तर म्हणाले, आणि ती नखाने सोडवून पुन्हा बांधायला घेतली.